विजेची मोटार आणि मध्यम स्थितीचें घर

मध्यम स्थितींतील एखादें कुटुंब मोटार घ्यावयाचें मनांत आणतें, तेव्हां त्या घरांत पुढले तीन-चार महिने दुसरा विषय निघत नाहीं. जेवतांना मोटार, अंथरुणावर पडतांना मोटार, पाहुणा आला कीं त्याच्यापुढें फराळाबरोबर मोटारच. पूर्वीं हा वाद रंगावर आणि लिटरला किती किलोमीटर मिळतात यावर होत असे. अलीकडे त्यांत एक नवा पक्ष उभा राहिला आहे. मोटार पेट्रोलची घ्यावी कीं विजेची?

देवळाली कॅम्पांत लॅम रोडला लागून असलेल्या एका आडरस्त्यावरील घरांत हा वाद २०२३ सालच्या दिवाळींत सुरू झाला. गांव शांत. लष्कराची छावणी, तोफखान्याची शाळा, जुन्या पारशी मंडळींचे बंगले आणि आरोग्यभुवनें यांमुळें येथील रस्त्यांस रुंदी आहे आणि झाडांची सांवलीही आहे. घरांत सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांची पत्नी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, नाशिकच्या एका शाळेंत शिकविणारी सून आणि तिची आठ वर्षांची मुलगी. मुलगा पुण्यास नोकरीला, शनिवारीं रात्रीं येतो आणि रविवारीं संध्याकाळीं जातो. मातोश्रींचे गुडघे गेलेले. रिक्षांत चढणें म्हणजे त्यांना डोंगर चढण्यासारखें. त्यांना महिन्यांतून दोनदां नाशिकला इस्पितळांत न्यावें लागे, आणि प्रत्येक वेळीं ती फेरी म्हणजे सर्व घराची परीक्षा होई. मोटार हवी हें ठरलें तें या गुडघ्यांमुळें. पैसा गृहस्थांच्या निवृत्तीच्या ठेवींतला, म्हणजे दुखण्याबहाण्यासाठीं राखून ठेवलेला. तो एकदां गेला कीं पुन्हां जमणारा नव्हता.

ठेंगणी, चार दारांची, मागें सामानाचा वेगळा कप्पा असलेली, जिला सेडान म्हणतात तशी गाडी त्यांना हवी होती. उंच गाडींत पाय टाकणें मातोश्रींना शक्य नव्हतें. फार खोल बैठकीची गाडीही त्यांना सोसण्यासारखी नव्हती, पण घडीचा वॉकर मागच्या कप्प्यांत आडवा मावला पाहिजे, हीही अट होती. विजेवर चालणाऱ्या सेडानी आपल्याकडे बेतानेंच निघाल्या. कारखानदारांचें मन हल्लीं उंच, धिप्पाड गाड्यांवर बसलें आहे, आणि साधी कौटुंबिक सेडान मागें पडत चालली आहे.

नाशिककरांना या बाबतींत थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. महिंद्र कंपनीच्या नाशिकच्या कारखान्यांत २००७ सालापासून रेनॉ कंपनीच्या भागीदारींत ‘लोगन’ नांवाची सेडान तयार होऊं लागली. २०१० सालीं भागीदारी संपली आणि पुढें तीच गाडी ‘व्हेरिटो’ या नांवानें रस्त्यावर आली. त्याच २०१० सालीं महिंद्रांनीं बंगलोरची ‘रेवा’ ही विजेच्या चिमुकल्या मोटारी करणारी कंपनी आपल्याकडे घेतली. या दोन्हींचा संयोग होऊन जून २०१६ मध्यें ‘ई-व्हेरिटो’ निघाली. एकदां भरलेल्या बॅटरीवर ही सेडान सुमारें ११० किलोमीटर जाई आणि ताशीं ८६ किलोमीटरपर्यंत धांवे. पुढें सरकारी कचेऱ्यांसाठीं विजेच्या गाड्यांची मोठी खरेदी निघाली, तींतही ती होती. परंतु घरगुती गिऱ्हाइकाच्या अंगणांत ती क्वचितच दिसली. ११० किलोमीटरांत देवळाली ते नाशिक ही फेरी आरामांत होते, पण मुंबईचें नांव काढतां येत नाहीं, आणि मध्यमवर्गीय माणूस मोटार घेतो ती वर्षांतून चार वेळां होणाऱ्या प्रवासाच्या मापानें, रोजच्या प्रवासाच्या मापानें नव्हे. ही चूक खरी, पण ती फार माणुसकीची चूक आहे. तिचें उत्पादन आतां थांबलें आहे.

गृहस्थांच्या टांचणवहींत जिचें नांव लिहिलें गेलें ती टाटांची ‘टिगोर’. तिचा विजेवर चालणारा नवा अवतार ऑगस्ट २०२१ मध्यें निघाला. बॅटरी २६ युनिटांची. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चांचणीप्रमाणें एका भरणींत ती ३०६ किलोमीटर जाते असा दाखला होता, आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें सुधारलेल्या गाडीस तो ३१५ मिळाला. किंमत त्या वेळीं साडेबारा लाखांच्या आसपासपासून पुढें. अपघाताच्या चांचणींत ‘ग्लोबल एन्‌कॅप’ या संस्थेनें २०२१ सालीं तिला चार तारे दिले. त्या संस्थेनें तपासलेली ती पहिलीच विजेची गाडी होय. बॅटरीनें मागची बरीच जागा खाल्ल्यामुळें पेट्रोलच्या टिगोरींत जो कप्पा ४१९ लिटरचा आहे, तो विजेच्या गाडींत ३१६ लिटरचा उरतो. मातोश्रींचा वॉकर दुकानांत प्रत्यक्ष नेऊन ठेवून पाहिला, तेव्हां तो तिरका कां होईना, पण मावला.

येथें श्रोत्यांपैकीं ज्यांना युनिट म्हणजे विजेच्या बिलापुरतेंच ठाऊक असेल त्यांच्यासाठीं एक खुलासा. बिलांतलें युनिट आणि बॅटरीचें युनिट हें एकच. हजार वॉटची शेगडी एक तास जळली तर जेवढी वीज खर्च होते तेवढें एक युनिट. २६ युनिटांची बॅटरी म्हणजे अशी शेगडी सव्वीस तास जाळण्याइतका सांठा. आणि चांचणींतील ३१५ हा आंकडा? प्रयोगशाळेंत, ठराविक वेगक्रमानें मिळालेला तो आंकडा आहे. भरल्या घरची माणसें, वातयंत्र चालू आणि नाशिक रोडच्या चौकांतील खोळंबा धरला, तर २०० किलोमीटरवर समाधान मानावें हें उत्तम.

आतां हिशेब. गृहस्थ जन्मभर हिशेबाच्या खात्यांत राहिलेले. त्यांनीं वहीच्या एका बाजूस पेट्रोल आणि एका बाजूस वीज असे दोन रकाने आंखले. बॅटरी भरतांना थोडी वीज वायां जाते, म्हणून भिंतींतून घेतलेल्या एका युनिटास साडेसहा किलोमीटर धरले. युनिटास सर्व आकार मिळून १२ रुपये. म्हणजे किलोमीटरला सुमारें १ रुपया ८५ पैसे. पेट्रोल त्या वेळीं लिटरला १०६ रुपयांच्या घरांत होतें, आणि गांवांत लिटरला १५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ७ रुपयांहून थोडें अधिक. वाचले सव्वापांच रुपये. घरचा प्रवास महिन्याला ६०० किलोमीटर: इस्पितळ, भगूरचा बाजार, नाशिक रोडचें स्टेशन, एखादें लग्नकार्य. वर्षाचे ७,२०० किलोमीटर, आणि वाचणारी रक्कम साडेसदतीस हजारांच्या आसपास. पण पेट्रोलची तीच गाडी निदान साडेचार लाखांनीं स्वस्त. भागाकार केला, उत्तर आलें बारा वर्षें.

बॅटरीची हमी होती आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरांची. बारा वर्षांनीं गृहस्थ स्वतः ऐंशीच्या जवळ. शिवाय त्यांनीं व्याजाचा रकाना विसरला नव्हता. साडेचार लाख बँकेंत सात टक्क्यांनीं ठेवले तर वर्षाला साडेएकतीस हजार घरबसल्या येतात. म्हणजे विजेच्या गाडीपासून होणारा खरा लाभ वर्षाला सहा हजार. त्यांनीं वही मिटली आणि पत्नीस म्हणाले, ‘‘पेट्रोलचीच घेऊं.’’

सवलतींचाही त्यांनीं शोध घेतला होता. त्याची हकीकत फार करमणुकीची नाहीं. महाराष्ट्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें विजेच्या गाड्यांसाठीं जें धोरण जाहीर केलें त्यांतील मोटारींचें अनुदान पहिल्या १०,००० गाड्यांपुरतेंच होतें आणि तो आंकडा केव्हांच पुरा झाला होता. कर्जाच्या व्याजावरील आयकराची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. ती सात महिन्यांनीं हुकली. उरलें तें मोटार-कराची माफी आणि १ ऑगस्ट २०१९ पासून पांच टक्क्यांवर आलेला वस्तु-सेवा कर. (मे २०२५ मध्यें राज्याचें नवें धोरण आलें आणि त्यांत मोटारींस पुन्हां सवलत ठेवली गेली. सवलतींचें हें असें असतें. ज्याला हवी असते त्याच्या दारावरून ती पुढें जाते, आणि मागून दुसऱ्याच्या दारीं थांबते.)

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सून शाळेहून आली. सकाळीं सहाला घर सोडावें, रिक्षानें नाशिक रोड गांठावें, तेथून शहरांत बस, पुन्हां थोडें चालणें. संध्याकाळीं हाच क्रम उलटा. गेलीं सहा वर्षें हें चाललें होतें आणि त्याबद्दल घरांत कोणी बोलत नसे, तीही बोलत नसे. वही टेबलावर उघडी पडली होती. तिनें ती उभ्यानेंच वाचली.

‘‘बाबा, हे सहाशे किलोमीटर कोणाचे?’’

‘‘घरचे.’’

‘‘यांत माझी शाळा कोठें आहे?’’

गृहस्थांना उत्तर सुचलें नाहीं. वस्तुतः सुनेनें दोन वर्षांपूर्वीं गाडी चालविण्याचा परवाना काढला होता. ते स्वतः डोळ्यांमुळें चालवूं शकत नव्हते आणि मुलगा पुण्यास. म्हणजे घरांत गाडी चालविणारी ती एकटी. तरीही वहींत तिच्या रोजच्या प्रवासाचा रकाना नव्हता. घरांतील कर्त्या पुरुषाच्या हिशेबांत अशा गोष्टी द्वेषानें गळत नाहींत. त्या नजरेसच पडत नाहींत, आणि म्हणूनच त्या अधिक वर्षें गळलेल्या राहतात.

तिनें खुर्ची ओढली. घर ते शाळा जाऊन येऊन ३६ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, एकूण ९००. त्यांत घरचे ६०० मिळविले. झाले १,५००. गृहस्थांनीं ताबडतोब आक्षेप काढला, आणि तो खरा होता. महावितरणाच्या दरांत ३०० युनिटांपुढें पायरी चढते. घरचीं १४० युनिटें, मोटारीचीं २३०. म्हणजे वरच्या सत्तर युनिटांस जादा दर पडणार. सून गणिताचीच शिक्षिका. तिनें तेंही धरलें. सरासरी १३ रुपये युनिट, किलोमीटरला दोन रुपये, वाचणारे पांच. वर्षाला १८,००० किलोमीटर, म्हणजे ९०,००० रुपये. साडेचार लाख पांच वर्षांत फिटतात, आणि हमीचीं तीन वर्षें त्यापुढेंही उरतात. ‘‘आणि वरच्या साडेचार लाखांचें कर्ज मी माझ्या पगारावर काढीन. तुमची ठेव पेट्रोलच्या गाडीला जेवढी लागली असती तेवढीच मोडा.’’ एवढें म्हणून ती स्वयंपाकघरांत गेली.

त्या रात्रीं गृहस्थांना झोंप नीट लागली नाहीं. तें मोटारीमुळेंच होतें असें म्हणवत नाहीं.

पुढचा आठवडा शंकांचा. शेजारीं एक गृहस्थ राहतात. नाशिक रोडजवळ रेल्वेचा जो कारखाना विजेच्या इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यांत त्यांचीं तीस वर्षें गेलीं. त्यांना बोलावणें धाडलें. पहिली शंका मुंबईची. मुंबई येथून सुमारें १७० किलोमीटर आणि वाटेंत कसाऱ्याचा घाट. गाडी घाटांत दम सोडील काय?

‘‘घाट म्हणजे विजेचें माहेर,’’ शेजारी म्हणाले. आणि तें खोटें नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत पहिली विजेची गाडी सोडली, आणि १९३० च्या सुमारास वीज थळघाट चढून इगतपुरीस पोंचली. सदतीस फुटांत एक फूट अशी ती चढण. तीवर मालगाड्या ओढणाऱ्या त्या वेळच्या इंजिनांत अशी योजना होती कीं उतारावर मोटारच उलट जनित्राचें काम करी, गाडीचा वेग आंवरी आणि निघालेली वीज परत तारेंत जाई. आजच्या विजेच्या मोटारींत तेंच तत्त्व आहे. वीज फक्त तारेऐवजीं बॅटरींत परत जाते. शेजाऱ्यांनीं आंकडा मांडून दाखविला. माणसांसह सोळाशे किलोची गाडी कसाऱ्याहून इगतपुरीस, म्हणजे सुमारें ३०० मीटर वर चढवावयास, नेहमींच्या खर्चाहून दीड युनिट अधिक लागतें. म्हणजे सपाट रस्त्यावरचे दहा-बारा किलोमीटर. उतरतांना त्यांतील कांहीं भाग परत मिळतो, सगळा नव्हे. घाटाची भीति येथें संपली. खरी अडचण घाटाची नाहींच, ती वेगाची आहे. सरळ महामार्गावर ताशीं शंभरानें हांकली तर वाराच बॅटरी पितो. मुंबईस पोंचतांना बॅटरी तळाला गेलेली असणार. परत निघण्यापूर्वीं तासभर जलद भरणी करावी लागेल. ज्याला वाटेंत चहालाही थांबणें आवडत नाहीं, त्यानें या गाडीच्या नादीं लागूं नये.

दुसरी शंका स्वस्ताईची. कोणींतरी टॅक्सी म्हणून चाललेली एक वापरलेली विजेची सेडान निम्म्याहून कमी किंमतींत देऊं केली होती. गृहस्थांचें मन तिकडे ओढलें. शेजाऱ्यांनीं सांगितलें, बॅटरी शंभर टक्के भरून आणा. मग ते स्वतः गाडींत बसले, आणि देवळालीहून भगूर, भगूरहून नाशिक रोड असें सावकाश हिंडवून त्यांनीं किलोमीटर आणि टक्के दोन्ही लिहून घेतले. चाळीस किलोमीटरांत सदतीस टक्के गेले. हिशेब सोपा आहे: शंभर टक्क्यांत १०८ किलोमीटर. गाडी बाहेरून नवी नवरी, आंतून म्हातारी. टॅक्सीवाला गाडी दिवसांतून दोनदां जलद यंत्रावर भरतो, ती उष्णता बॅटरीला मानवत नाहीं. त्याचा दोष विकणाऱ्यास देण्याचें कारण नाहीं. परंतु पेट्रोलच्या जुन्या गाडीचें इंजिन जसें आवाजावरून ओळखतां येतें, तशी बॅटरी बोलत नाहीं, तिला चालवूनच विचारावें लागतें. वापरलेली गाडी घेणाऱ्यानें एवढी एक फेरी केल्यावांचून बयाणा देऊं नये.

धुराचा प्रश्न मुलीनें काढला, कारण शाळेंत तिला पर्यावरणाचा धडा होता. विजेच्या गाडीला धूर नाहीं, हें तिचें म्हणणें. आजोबांनीं तिला गच्चीवर नेलें आणि हात लांबवून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची दिशा दाखविली. आपली वीज कोळशापासून होते, तेव्हां धूर नाहींसा होत नाहीं, आपल्या गल्लींतून उठून तिकडे जातो. मात्र सर्व हिशेब तेथेंच संपत नाहीं. पेट्रोलचें इंजिन गांवांतल्या खोळंब्यांत इंधनाचा चौथा हिस्साही चाकापर्यंत पोंचवीत नाहीं, बाकीची उष्णता होते. विजेची मोटार घेतलेल्या विजेपैकीं बहुतेक चाकाला देते. केंद्रांत कोळशाच्या उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्साच विजेंत येतो हें धरूनही पारडें थोडेंसें विजेकडे झुकतें, आणि जसजशी सूर्यापासूनची वीज वाढेल तसतसें तें अधिक झुकेल. मुलीला हें कितपत समजलें तें सांगवत नाहीं, परंतु ‘धूर पाठवून दिला’ हे शब्द तिनें पुष्कळ दिवस वापरले.

खरी मेख निघाली ती घरांतच. वायरमन आला, त्यानें अंगणांतला सॉकेट उघडला आणि मान हलविली. घर जुनें, तारा जुन्या, आणि आर्थिंगची तार भिंतींतच कोठेंतरी तुटलेली. मोटार रात्रभर पंधरा अँपियरच्या सॉकेटावर राहणार. आठ-नऊ तास तार तापणार. टेबलपंख्याला जी तार चालते ती येथें चालणार नाहीं. मीटरपासून अंगणापर्यंत वेगळी जाड तांब्याची तार, तिला स्वतंत्र बटण आणि गळती होतांच वीज तोडणारें यंत्र, जांभळाच्या झाडापाशीं खड्डा खणून कोळसा-मीठ घातलेलें नवें आर्थिंग, असा खर्च निघाला. कोणत्याही जाहिरातींत हा खर्च लिहिलेला नसतो. गृहस्थांनीं तो मुकाट्यानें वहींत मांडला, आणि वर ‘६००’ होतें तें खोडून ‘१,५००’ लिहिलें. खोडतांना त्यांनीं पट्टी लावली होती.

गाडी जानेवारी २०२४ मध्यें आली. पाटी हिरवी, अक्षरें पांढरीं. मातोश्रींनीं ओंवाळलें, आंत बसल्या, गाडी सुरू झाली तरी त्या विचारीत होत्या, ‘‘अजून कां निघत नाहीं?’’ गाडीला आवाज नव्हता. लॅम रोडवर सकाळीं फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी रस्त्याच्या मधोमध चालतात. मागून येणारी ही मुकी गाडी त्यांना ऐकूं येत नाहीं, म्हणून सून त्या भागांतून ताशीं वीसाच्या वर जात नाहीं. शाळेसाठीं आतां ती पावणेसातला निघते. त्या पाऊण तासांत ती काय करते याची कोणीं विचारपूस केली नाहीं, बहुधा झोंपते.

रात्रीं जेवणें झालीं कीं सॉकेटांत पिन घालण्याचें काम मुलीचें. उन्हाळ्यांत जमीन कोरडी पडली कीं आर्थिंग नीट काम देत नाहीं, असें वायरमन बजावून गेला होता. चैत्र लागल्यापासून रोज संध्याकाळीं जांभळाखालच्या त्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओतण्याचें काम गृहस्थांनीं आपल्याकडे घेतलें आहे.